पेसाखची सुट्टी, शरावचा वारा आणि हिंगाची डबी

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

पुरीमचा सण झाला की महिनाभरात पेसाख येतो, आपले पूर्वज मिसरच्या गुलामीतून सुटले त्याचा ज्यू सण. त्यात खमीर, म्हणजे पाव-बिस्किटांसारखं फुगलेल्या पिठाचं काही, घरात ठेवत नाहीत. मग माझ्याकडे येणारी पत्रं वाढतात. आज सकाळी इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला, समुद्राकडून असा गार वारा होता की शाल घेऊनच गच्चीत बसले. परवा दुपारी याच गच्चीच्या लादीवर पाय ठेववत नव्हता. पत्रांतही तेच सगळं आहे: पोरांची सुट्टी, हवेचा लहरीपणा आणि सणाचं काम. सगळ्यांना इथे उत्तर देता येत नाही, म्हणून सहा पत्रं निवडली.

*

*मावशी, मी बीर शेव्याला राहते. अकरा, आठ आणि चार वर्षांची तीन मुलं आहेत. मी वृद्धाश्रमात कामाला आहे, नवरा ट्रक चालवतो. शाळा आणि बालवाडी सणाच्या आठवडाभर आधीच बंद होतात आणि घर काढायचं तेही त्याच दिवसांत. मी एक खोली आवरते, तोवर मुलं दुसऱ्या खोलीत बिस्किटं घेऊन बसलेली असतात. गेल्या वर्षी सेदरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, हगादा म्हणजे सुटकेची कथा वाचणं चालू असताना मला टेबलावरच झोप लागली. मोठीने हलवून उठवलं. त्या गोष्टीची अजून लाज वाटते. मी कुठे चुकते?*

बाळ, लाज कसली? महिनाभर उभी राहिलेली बाई बसली की झोपणारच. पण ती रात्र तुझ्या हातून निसटली याचं मलाही वाईट वाटलं. सगळा सण उभा आहे तोच मुळी एका वाक्यावर: त्या दिवशी तू आपल्या मुलाला सांग. तोरातल्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातल्या, निर्गमच्या तेराव्या अध्यायात ते आहे. खिडक्या पुसण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

धूळ म्हणजे खमीर नव्हे, ही पहिली गोष्ट मनात पक्की कर. गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा जुना गहू, या पाच धान्यांच्या पिठाला पाणी लागून ते फुगलं की खमीर झालं. ते जिथे जातं तिथे शोधायचं. माळ्यावरच्या ट्रंका, पडद्यांच्या दांड्या, कपाटामागची भिंत, हे सगळं उन्हाळ्यात कर, हवं तर करूच नको. तुझ्या घरात पोरं हातात खाऊ घेऊन फिरतात, म्हणजे खुर्च्यांच्या फटी, सोफ्याच्या गाद्या, खेळण्यांची टोपली, कोटांचे खिसे आणि दप्तरं ही तुझी ठिकाणं.

दप्तराचं मुद्दाम सांगते. माझ्या धाकट्याचं दप्तर मी एकदा वरवर झटकून ठेवलं होतं. सेदरच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन खमीर शोधायला बसलो तेव्हा त्यानेच तळाचा पुठ्ठा उचलला. खाली अर्धी पीता, वाळून खपलीसारखी झालेली, वर एका बाजूने गणिताच्या वहीचं पान चिकटलेलं. पानावरची शाई पावावर उलटी उमटली होती. तेव्हापासून दप्तर उलटं करून पुठ्ठ्यासकट रिकामं करायचं हा आमच्याकडे नियम झाला. गाडीतल्या मुलांच्या खुर्चीचं आवरणही तसंच काढायचं, खाली बिस्किटांचा थर असतो.

माझी आई रेवदंड्याला पेसाखसाठी काय करायची ते सांगितलं तर तुला वाटेल, आम्ही काहीच करत नाही. भिंतींना चुना. तांब्या-पितळेची सगळी भांडी कल्हईवाल्याकडे. तो अंगणातच खड्डा करून भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर नाकात जायचा आणि काळं पातेलं बघता बघता आतून चांदीसारखं व्हायचं. तांदूळ आणि मसाले आधीपासून निवडून, कांडून, नव्या मडक्यांत वेगळे. पण त्या घरात आजी होती, दोन चुलत्या होत्या, हाताखाली पाण्याला बाई होती. तू तिसऱ्या मजल्यावर एकटी आहेस. त्या घराचं काम या घरात करायला जाऊ नको. दिमोनाला आल्यावर पहिली काही वर्षं मी तेच केलं, गिरणीतली पाळी संपवून रात्री भिंती धुतल्या, आणि माझ्या मोठ्याला त्या वर्षांतलं एवढंच आठवतं की आई ओरडायची.

आता कसं करायचं ते सांगते. सुट्टी लागायच्या आधीच निजायच्या खोल्या संपव. एका संध्याकाळी एक कपाट, त्याहून जास्त नाही. सुट्टी लागली की पाव-बिस्किटं एकाच जागी खायची, बाल्कनीत. तिथे एक टेबल टाक आणि चार वर्षांच्यालाही कळेल असं सांग: पाव इथून आत जात नाही. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात. शेवटच्या तीन-चार दिवसांत तर भात, बटाटे, अंडी, फळं यांवरच घर चालव, म्हणजे पाव उरतच नाही. स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी.

सकाळी काम, जेवण झालं की मुलांना घेऊन बाहेर. रोज. बागेत ने, टेकडीवर ने, शेजारणीच्या पोरांबरोबर पाठव, पण त्यांच्या सुट्टीचा अर्धा दिवस त्यांचा त्यांना दे. अकरा वर्षांची मुलगी खिसे आणि पुस्तकांची कपाटं तपासू शकते, आठ वर्षांचा खेळणी धुऊ शकतो. बाथटबमध्ये कोमट पाणी, थोडा साबण आणि सगळी प्लास्टिकची खेळणी. त्याचा तासभर जातो आणि कामही होतं.

आदल्या रात्री शोधायला पावाचे दहा तुकडे लपवतात ना, ते कागदात घट्ट गुंडाळ आणि कुठे ठेवले ते लिहून ठेव. नऊच सापडले तर मध्यरात्रीपर्यंत घर पुन्हा उलथंपालथं करावं लागतं, मी केलं आहे. मेणबत्ती नवऱ्याच्या हातात, पीस मोठीच्या, लाकडी चमचा मधल्याच्या आणि पिशवी धाकट्याच्या. दिवे घालवायचे. अंधारात मेणबत्तीमागून चालणारी मुलं बघितलीस की तुझाही शीण जाईल.

आणि सेदरच्या दिवशी दुपारी दोन वाजता तू झोपायचंस. मुलंही. एखादा पदार्थ कमी झाला तर होऊ दे. रात्री धाकटा 'मा निश्ताना' म्हणायला उभा राहील, ही रात्र इतर रात्रींहून निराळी का असं विचारेल, तेव्हा त्याच्याकडे बघायला तुझे डोळे उघडे हवेत.

*

*लोदहून एक गृहस्थ लिहितात: पेसाख कधी मार्चच्या अखेरीला येतो, कधी एप्रिल संपत आल्यावर. रजा मांडायला आणि ठाण्याच्या नातेवाइकांना तिकिटं काढायला त्रास होतो. हा घोळ का?*

भाऊ, घोळ नाही. आपलं पंचांग चंद्रावर चालतं, आणि चांद्र वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. तसंच सोडलं असतं तर पेसाख सरकत सरकत थंडीत गेला असता. पण तोरा सांगते की आबीब महिना पाळा. आबीब म्हणजे सातूची कोवळी कणसं भरण्याचे दिवस. म्हणून १९ वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा येतो. कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजावून द्यायला नको, अधिक मास तिथेही येतोच. सेदरची संध्याकाळ २०२४ साली २२ एप्रिलला, २०२५ ला १२ एप्रिलला, २०२६ ला १ एप्रिलला आणि २०२७ ला एकदम २१ एप्रिलला, कारण मध्ये दुसरा अदार. ठाण्याच्या मंडळींना सोपी खूण हवी असेल तर सांगा, पेसाखला आभाळात पूर्ण चंद्र असतो. २०२५ ला तर हनुमान जयंती आणि सेदर एकाच तारखेला आले. तिकिटं मात्र छापील दिनदर्शिका बघूनच काढा.

*

*मावशी, आम्ही रामल्याचे. सासूबाई ठाण्याहून पहिल्यांदाच येत आहेत, पेसाखभर राहतील. मुलांनाही सुट्टी आहे. खोल हामोएदला, म्हणजे सणाच्या मधल्या दिवसांत, दोन दिवस नेगेवच्या वाळवंटात आणि मृत समुद्राकडे जायचा बेत आहे. पण हवा अशी आहे की मंगळवारी स्वेटर आणि गुरुवारी पंखा. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. कपडे काय न्यायचे, जायचं की नाही, काहीच कळत नाही. आणि त्यांनी पेसाख सात दिवस पाळायचा की आठ?*

जा, जरूर जा. पण हवा समजून घेऊन जा.

वसंतात आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकत येतो. तो पुढे पुढे येताना वाळवंटातली तापलेली, कोरडी हवा आपल्या अंगावर ढकलतो. हाच शराव. अरब शेजारी त्याला खमसीन म्हणतात, म्हणजे पन्नास, या ऋतूतल्या पन्नास दिवसांवरून. आभाळ पिवळट होतं, ओठ फुटतात, लहान मुलं विनाकारण रडतात. एक दिवस राहतो, दोन राहतो, क्वचित तीन. मग तो पट्टा पुढे निघून जातो आणि मागून समुद्राची गार हवा शिरते. हा बदल तासाभरात होतो. पारा दहा-पंधरा अंशांनी उतरलेला मी स्वतः बघितला आहे. कधी कधी त्याबरोबर थोडा पाऊसही पडतो, आणि आभाळातली धूळ त्यातून खाली येते. गाड्यांवर चिखलाचे ठिपके दिसले की समजायचं.

दिमोनाला एका वर्षी मी खिडक्या तीनदा धुतल्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी तो पिवळा पाऊस. चौथ्या वेळी शेजारची मोरोक्कोची बाई म्हणाली, काचेवर पाव ठेवतेस का तू? ती कायमची शहाणी करून गेली मला. त्या घराच्या काचा मी पुढे मेमध्येच धुवायची.

आता कपडे. सासूबाईंसाठी सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस, त्यावर पातळ शाल, आणि हाताशी एक जाड स्वेटर. तिन्ही एकाच पिशवीत, गाडीच्या डिकीत नव्हे, सीटवर. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि मृत समुद्राचा काठ ४३० मीटरहून जास्त खाली. गाडीने तासाभराच्या आत तुम्ही थंडीतून भट्टीत उतरता. कानात दडे बसतात, सासूबाईंना आधी सांगून ठेव, नाहीतर घाबरतील. तुम्ही अरादवरून उतरलात तरी तेच.

शरावचा इशारा असेल त्या दिवशी त्यांना घेऊन मुळीच उन्हात उतरू नका. सकाळी सातला निघा, अकरापर्यंत सावलीत या. ठाण्याच्या माणसाला घाम येण्याची सवय असते. इथे घाम अंगावर दिसत नाही, उडून जातो, आणि तहान लागायच्या आधीच शक्ती जाते. म्हातारी माणसं तर वाटेत शौचालय मिळणार नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. तू स्वतः दर अर्ध्या तासाला पेला त्यांच्या हातात दे. विचारू नको, दे.

आणि आता जे सांगते ते नवऱ्यालाही वाचून दाखव. नेगेवमधले कोरडे ओढे, नाहाल म्हणतात ते, पेसाखच्या सुमाराला सगळ्यांत फसवे. डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडलेला असतो. ती जमीन पाणी पिऊन घेत नाही, सगळं एकदम ओढ्यात येतं. २०१८ साली २६ एप्रिलला त्साफित ओढ्यात दहा तरुण पोरं वाहून गेली, नऊ मुली आणि एक मुलगा. लष्करात जायच्या आधीच्या वयाची. दिमोनाहून ती जागा लांब नाही, आमच्या गल्लीतली पोरं तिथे नेहमी फिरायला जायची. त्या रात्री मी झोपले नाही. म्हणून सांगते: हवामान खात्याने पुराचा इशारा दिला असेल तर ओढ्याच्या पात्रात पाऊल टाकायचं नाही, पात्रात जेवायला बसायचं नाही, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, आणि 'इतक्या लांबून आलोय' हे कारण कोणी काढलं तर ऐकायचं नाही. बेत बदलायला लाज कसली? मृत समुद्राकाठच्या एन गेदीऐवजी बीर शेव्यात एखादं संग्रहालय बघा, मुलं तिथेही रमतात.

उद्यानात जायचं असेल तर आधी जागा राखून ठेवा. खोल हामोएदला अर्धा देश रस्त्यावर असतो. जेवण घरचं न्या: उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, काकडी, लिंबू, तिखट-मीठ, आणि मत्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची रोटी, डब्यात, पिशवीत नको, चुरा होतो. सणाचा पहिला आणि सातवा दिवस पवित्र, त्यामुळे प्रवास मधल्या पाच दिवसांतलाच, आणि त्यात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, येतो तो वगळून.

सात की आठ? इथे आपण सात पाळतो, भारतात आठ. परदेशातून थोड्या दिवसांसाठी आलेल्यांनी आपल्या घरच्याप्रमाणे आठ दिवस आणि दोन सेदर पाळावेत असं पुष्कळ रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सांगतात, काही वेगळंही सांगतात. तुमच्या रब्बींना विचारा, आणि सासूबाई येण्याआधी विचारा. आठव्या दिवशी तुमच्या घरात पाव आला आणि त्यांना तो चालत नसेल, तर त्या बोलणार नाहीत, नुसत्या उठून आत जातील.

एक गोष्ट त्यांना नक्की दाखव. पहिल्या दिवशी सकाळी सिनेगॉगमध्ये दवाची प्रार्थना म्हणतात. हिवाळाभर आपण पावसाचं म्हणतो, त्या दिवसापासून दवाचं. शेवटच्या पावसाला इथे मलकोश म्हणतात, तोराच्या भाषेतलाच शब्द. कोकणातल्या माणसाला पाऊस संपायची प्रार्थना नवलाची वाटते. माझ्या आईला वाटली होती. ती म्हणाली, आपल्याकडे तर आता कुठे लोक आभाळाकडे बघायला लागतात.

*

*मावशी, लग्नानंतरचा माझा पहिला पेसाख. आम्ही किर्यात गातला असतो. आईने फोनवर सांगितलं की बाजारचा मसाला वापरायचा नाही, पण का ते नीट सांगितलं नाही. हिंग तरी चालेल ना? आणि पोळीचा तवा उकळत्या पाण्यात घालून शुद्ध होईल का?*

तुझ्या आईचं बरोबर आहे, आणि कारण तू डोळ्यांनी बघू शकतेस. शंभर ग्रॅम जिरे घे, पांढऱ्या चादरीवर खिडकीजवळ पसर. जिऱ्याचा दाणा सडपातळ, अंगावर बारीक रेघा. त्यात हळूहळू बोट फिरव. एखादा दाणा बोटाखाली गोल लागेल, टपोरा, फिकट सोनेरी, पोटावर उभी खाच. तो गहू. शेतं शेजारी, पोती तीच, गाड्या त्याच, म्हणून येतो. धण्यांत येतो, मेथीत तर येतोच. तो दळला गेला की कोणाला दिसणार? म्हणून आख्खे मसाले आणायचे, निवडायचे आणि घरी दळायचे. दळणाचं भांडंही पेसाखचं वेगळं. आमच्याकडे हे काम नातवंडांचं. गव्हाचा दाणा सापडला की सहा वर्षांचा नातू तो चिमटीत धरून घरभर दाखवत फिरतो.

तांदळाचंही तसंच. तीनदा निवडायचा. तीन वेगवेगळ्या वेळी नको, पण तीनदा, आणि घाईत नाही.

हिंग मात्र चालणार नाही. निदान तुझ्या डब्यातला नाही. पिवळ्या डबीतला बांधानी हिंग हा नुसता हिंग नसतो. चीक फार उग्र म्हणून त्यात पीठ मिसळतात, आणि ते बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवरची बारीक अक्षरं वाच. बायका तांदूळ तीनदा निवडतात आणि फोडणीत चिमूटभर मैदा टाकतात, हे मी चांगल्या चांगल्या घरांत बघितलं आहे. खडा हिंग शुद्ध मिळाला आणि रब्बींनी होकार दिला तर वेगळं. मी आठवडाभर लसूण आणि आलं वापरते.

तवा बाजूला ठेव. पातेल्यात पाण्याबरोबर शिजतं, म्हणून पातेलं उकळत्या पाण्यातून काढता येतं: स्वच्छ घासायचं, चोवीस तास वापरायचं नाही, उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवायचं, मग गार पाण्यातून काढायचं. सणाआधी गावोगाव मोठी पातेली लावतात, हगाला, म्हणजे ही उकळत्या पाण्यातली शुद्धी, करायला तिथे ने. पण तव्यावर कणीक सरळ लोखंडाला लागते, पाण्याशिवाय. त्याला पाणी पुरत नाही, विस्तव लागतो, लोखंड लाल होईपर्यंत. घरच्या शेगडीवर ते करत बसू नको. तवा, पोळपाट, लाटणं, चाळणी, कणकेचा डबा, सगळं एका कपाटात, दाराला चिकटपट्टी. खमीर सणापुरतं ज्यू नसलेल्याला विकायचा कागद रब्बींकडे भरून दे, त्यात ते कपाट लिही. पेसाखची चार भांडी दर वर्षी एक-एक घेत जा. माझी सगळी तशीच जमली.

आणि खायचं काय या काळजीत राहू नको. नारळाच्या रसातली मासळी, हिरवं वाटण घालून कोंबडी, बटाट्याची भाजी, भात. आपल्या स्वयंपाकाला पेसाख जड जात नाही. तांदळाची भाकरी करायची असेल तर पिठाच्या पुडीवर 'पेसाखसाठी कशेर, फक्त कितनियोत खाणाऱ्यांना' असा हिब्रू शिक्का आहे ना ते बघ (कशेर म्हणजे धर्मनियमाने चालणारं, कितनियोत म्हणजे तांदूळ-डाळी), आणि त्यासाठी नवा तवा घे. सकाळी मत्सा मोडून, पाण्याचा हबका मारून, दोन अंडी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून परतलास तर नवरा पुन्हा मागेल.

*

*अश्केलोनहून एका आईचा प्रश्न: जावयाचं घर पोलंडकडचं, ते पेसाखला भात आणि डाळी खात नाहीत. यंदा ते सेदरला आमच्याकडे येणार. टेबलावर भात ठेवला तर अपमान होईल का?*

नाही होणार. त्यांच्या आजोबांचा तो रिवाज, आपला हा. पण विहीणबाईंना आजच फोन कर आणि भांड्यांबद्दल सरळ विचार: भात शिजलेल्या पातेल्यातलं दुसरं काही चालतं का? बहुतेकांना चालतं, काहींना नाही. नसेल चालत तर बटाटे आणि मटण नव्या पातेल्यात कर, भात टेबलाच्या एका टोकाला ठेव आणि वाढायचा डाव वेगळा. पिवळा भात बघून त्यांची पोरं मागतील. त्यांना तू वाढू नको, त्यांच्या आईला ठरवू दे.

*

*येरुखामहून एक आजोबा लिहितात: माझी नातवंडं हिब्रूच बोलतात. सेदरला त्यांना आपल्या कोकणातलं काहीतरी सांगावं, दाखवावं, चाखवावं असं मनात आहे. माझ्या आईची एक बाटली असायची, काळ्या मनुकांच्या शरबताची. कृती कोणाला येत नाही. तुम्हाला येते का?*

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. येते.

आधी सांगायचं ते. त्यांना सांगा की आपल्या लोकांनी पेसाखला स्वतःचं नाव ठेवलं होतं, अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे आंबटाचं मातीचं भांडं. ते आंबट जेवणात रोज लागायचं, आणि या सणाला ते भांडं झाकून बाजूला ठेवायचं. पुरीम तो होळीचा सण, तिशा बेआव, मंदिराच्या नाशाचा उपवास, तो बिरड्याचा. हिब्रू पुस्तकं हाताशी नव्हती तेव्हाही लोकांनी भांड्यावरून, आमटीवरून सण लक्षात ठेवले. मुलांना हे फार आवडतं, माझ्या नातींनी तर त्यांच्या वर्गात जाऊन सांगितलं. काही घरांत दाराशी हाताचा ठसा असायचा, बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर उठवलेला. मिसरमधल्या दारांच्या चौकटींची आठवण. आमच्या आत्याच्या दारावरचा ठसा वर्षभरात तपकिरी होऊन जायचा.

दाखवायचं असेल तर १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादातली चित्रं दाखवा. एका बाजूला हिब्रू, बरोबर मराठी, आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका मत्सा करताना. इंटरनेटवर पानं बघायला मिळतात. नातवंडांनी मिसरमधून निघालेल्या लोकांची कितीतरी चित्रं पाहिली असतील, पण त्यांच्या पणजीसारखी बसलेली बाई त्यांत पाहिली नसेल. मराठीतला एक उतारा तुम्ही मोठ्याने वाचा. त्यांना कळला नाही तरी चालेल, तुमचा आवाज कळेल.

आता शरबत. द्राक्षाचा कशेर रस कोकणात कुठून मिळणार, म्हणून किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या सणाच्या प्रार्थनेला, हेच असायचं. पाव किलो काळ्या मनुका घ्या, तेल न लावलेल्या. देठ काढा, दोन पाण्यांतून धुवा. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्या टपोऱ्या होतात आणि पाणी तांबूस. त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा, झाकण अर्धं ठेवून. खाली उतरवून कोमट झालं की हातानेच कुस्करा, मिक्सर नको, बिया फुटल्या तर कडू होतं. मलमलच्या धुतलेल्या फडक्यातून गाळा आणि फडकं शेवटी दोन्ही हातांनी पिळा. हे पिळायचं काम नातवाला द्या, बोटं जांभळी होतील, होऊ द्या. साखर घालायची नाही.

शरावचे दिवस असले तर हे लवकर आंबतं. म्हणून सेदरच्या आदल्या दिवशीच करा, काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. पेल्यात ओतण्याआधी बाटली एकदा हलवून घ्या, गाळ तळाशी बसतो.